ध्येयवादी व्हा, भाबडे होऊ नका

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

आज मी जो विषय घेतला आहे तो आपल्या घराघरांतल्या भांडणाचा विषय आहे. मुलगा म्हणतो, मी नोकरी सांभाळून समाजाचं काम करणार, विहारात मुलांचे वर्ग घेणार. वडील म्हणतात, "अरे, तू साधा आहेस, लोक तुझा फायदा घेतील. ध्येयानं चूल पेटत नाही." मुलाला वाटते, वडील थकले. वडिलांना वाटते, मुलगा भोळा आहे. दोघेही एकमेकांवर रागावतात आणि दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. म्हणून आज विचार करू या की ध्येयवादी कोणाला म्हणायचे आणि भाबडा कोणाला म्हणायचे.

बंधूंनो, वरवर पाहिले तर ही दोन्ही माणसे सारखीच दिसतात. दोघेही चांगल्यावर विश्वास ठेवतात, दोघेही पदरमोड करतात, दोघांनाही शेजारीपाजारी हसतात. फरक कुठे कळतो? "यात अडचण काय येईल?" असे विचारल्यावर कळतो. भाबडा माणूस म्हणतो, "काही अडचण येणार नाही, आपला हेतू चांगला आहे." ध्येयवादी माणूस म्हणतो, "अडचणी येणार आहेत, त्या अमुक अमुक आहेत, आणि त्यांची तयारी मी अशी अशी केली आहे." जग कसे असावे हे दोघांनाही ठाऊक असते. जग आज कसे आहे, हे बघायला भाबडा माणूस तयार नसतो.

मी हे पुस्तकी बोलत नाही. आपल्याकडे याचा सर्वांत मोठा दाखला आहे, तो महाडच्या चवदार तळ्याचा. तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. आज ती जरा निराळ्या अंगाने ऐका.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सरकारने चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव. पुढच्या वर्षी, म्हणजे १९२४ साली, महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. आता बघा, कौन्सिलचा ठराव झाला, नगरपालिकेचा ठराव झाला. भाबडा माणूस असता तर त्याने पेढे वाटले असते. पण तळ्यावर एकाही अस्पृश्य माणसाला पाणी भरता येत नव्हते! कागदावर तळे खुले होते आणि काठावर ते बंद होते. हे तीन वर्षे चालले.

बाबासाहेबांनी त्या ठरावाला "खोटा कागद" म्हणून फेकूनही दिले नाही. तसे करणारेही पुष्कळ असतात, त्यांच्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. बाबासाहेबांनी ठरावाचा आधार घेतला आणि त्या आधारावर माणसे उभी केली. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० तारखेला हजारो माणसे शिस्तीने तळ्याकडे निघाली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा गावात उठली. परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. आपल्या लोकांत त्या वेळी पलटणीतून निवृत्त झालेले गडी होते. ते उलट मारू शकत नव्हते असे नाही. ते फक्त बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी माणसे आवरली आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाली.

याला कोणी भाबडेपणा म्हणेल काय? मार खाल्ला आणि हात उचलला नाही, म्हणून म्हणेलही. पण विचार करा. त्या दिवशी दंगल पेटली असती, तर गावोगावी दोन-चार घरांनी राहणाऱ्या आपल्या लोकांना कोणी वाचवले असते? परिषदेहून परतणाऱ्या प्रत्येकाला आपल्या गावी एकटे जायचे होते. हे गणित बाबासाहेबांनी केले होते.

पुढे ऐका. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द करून टाकला. म्हणजे कागदावर मिळालेलेही काढून घेतले. तेव्हा डिसेंबरात सत्याग्रह करायचे ठरले. या वेळची तयारी बघण्यासारखी आहे. परिषदेला गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. गावातले दुकानदार माल देणार नाहीत हे गृहीत धरून धान्याची, शिध्याची सोय बाहेरून केली. मुंबईची मंडळी बोटीने दासगावच्या बंदरावर उतरली आणि तेथून महाडला पोहोचली. माता-भगिनींनो, ज्या घरात लग्नकार्य झाले आहे त्या घरातल्या बाईला हे चटकन कळेल. हजारो माणसांच्या जेवणाची आणि पाण्याची सोय नुसत्या घोषणेने होत नाही, आधी यादी करावी लागते.

२५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तोवर विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळे खाजगी आहे, असे त्यांचे म्हणणे. मंडपात हजारो माणसे तुरुंगात जायला तयार बसलेली होती. अशा वेळी पुढाऱ्याला माघार घेणे किती कठीण! तरीही २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. कारण सरकारशी आणि कोर्टाशी एकाच वेळी वैर घेतले तर मूळ हक्क बाजूलाच राहील, हे त्यांनी ओळखले. खटला चालला. किती वर्षे? दहा वर्षे! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

ओंजळभर पाणी ते हायकोर्टाचा निकाल, यात दहा वर्षे गेली. त्या दहा वर्षांत ध्येय एक इंचही खाली आणले नाही. आणि त्या दहा वर्षांत एकदाही असे मानले नाही, की आपण खरे आहोत म्हणून पाणी आपोआप मिळेल. मित्रहो, ध्येयवाद म्हणतात तो हा.

योगायोग बघा. त्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी ५ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या वांद्रे पूर्वेला झाली, आणि ती तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाली. बौद्ध घरातला मुलगा देशाचा सरन्यायाधीश होतो आणि आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर हायकोर्टाची कोनशिला बसवतो. आनंद मानायचाच. पण कोर्ट शेजारी आले म्हणजे न्याय दारात आला, असे मात्र मानू नका. कोर्टात कागद घेऊन आपल्यालाच जावे लागते.

आता दुसरी गोष्ट. ध्येयवादी माणूस वाट बदलतो, ध्येय बदलत नाही. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. मग बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी तो सत्याग्रह थांबवायला सांगितले आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. माणुसकीचा हक्क हे ध्येय तेच राहिले, देवळाची वाट सोडली. आणि घोषणा केल्यावर दुसऱ्या दिवशी धर्म बदलला काय? नाही. एकवीस वर्षे अभ्यास केला. कोणता धर्म आपल्या लोकांना माणूस म्हणून उभा करील, याचा शोध घेतला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली.

तिसरी गोष्ट किमतीची. भाबडा माणूस किंमत विचारत नाही आणि नंतर फसवले म्हणून रडत बसतो. ध्येयवादी माणूस आधी किंमत विचारतो आणि मग ती मोजतो. आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांना किंमत माहीत होती. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना नव्हत्या. बौद्ध झालो तर त्या जाणार, हे उघड होते. आणि तसेच झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्र सरकारच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे! एक पिढी नोकरीच्या वयातून निघून गेली. त्या लोकांना अडाणी, भाबडे म्हणणारे तेव्हाही होते. पण ज्या बाईने घरातले देव्हारे काढून पाण्यात सोडले, तिला मुलाच्या शिष्यवृत्तीचा हिशेब कळत नव्हता असे समजू नका. तिला दोन्ही कळत होते. दोन्ही पारड्यांत टाकून तिने निवड केली.

आणि नामांतर तर अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. ठराव झाला, आणि मराठवाड्यात घरे जळाली. पोचीराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षे लाँगमार्च, मोर्चे, तुरुंग. मुंबईच्या वस्त्या-वस्त्यांतून माणसे त्यासाठी गेली. पुन्हा तोच धडा, की ठराव ही सुरुवात असते.

बाबासाहेबांना हे किती पक्के माहीत होते, ते २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात दिसते. संविधान पुरे झाले, सगळे त्यांचे कौतुक करीत होते. दुसरा कोणी असता तर त्या दिवशी हारतुरे घेऊन घरी गेला असता. बाबासाहेबांनी मात्र बजावले, की संविधान कितीही चांगले असो, राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकीत आहोत. आणि राजकारणात व्यक्तिपूजा केलीत तर हुकूमशाहीकडे जाल. स्वतः बांधलेल्या घराला तडा कुठे जाईल, हे घरभरणीच्या दिवशीच सांगणारा हा माणूस!

आता धम्म याबद्दल काय सांगतो ते पाहू. श्रद्धा आणि प्रज्ञा ही दोन्ही इंद्रिये समतोल असावीत असे आपल्याकडे मानले आहे. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात याचा फार मार्मिक खुलासा आहे. गोव्याच्या मातीतल्या आचार्य धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत काढली. त्यातला मतितार्थ असा, की ज्याची श्रद्धा बळकट पण प्रज्ञा कमजोर, तो नको तिथे विश्वास टाकून बसतो. आणि ज्याची बुद्धी तल्लख पण श्रद्धा कमजोर, तो लबाडीकडे झुकतो आणि औषधानेच झालेल्या रोगासारखा बरा व्हायला कठीण होतो.

म्हणजे माणसे दोन प्रकारची नाहीत, तीन प्रकारची आहेत. भाबडा, लबाड आणि मधला ध्येयवादी. भाबडा दोनदा फसला की तो ध्येयवादी होत नाही, तो बहुधा लबाडांच्या रांगेत जाऊन बसतो. "सगळे चोर आहेत, आपण आपलं बघावं," असे म्हणू लागतो. त्याला वाटते आपण शहाणे झालो. पण आधी डोळे झाकून विश्वास ठेवत होता, आता डोळे झाकून अविश्वास ठेवतो. डोळे झाकलेलेच आहेत! म्हणून पालकांना माझे सांगणे आहे, मुलाचा भाबडेपणा काढायला जाताना त्याची श्रद्धा काढून घेऊ नका. त्याला हिशेब शिकवा.

भगवंताला गणक मोग्गल्लान नावाच्या ब्राह्मणाने विचारले होते, तुमचे सगळे शिष्य निर्वाणाला पोहोचतात काय? भगवंतांनी सरळ सांगितले, काही पोहोचतात, काही पोहोचत नाहीत. राजगृहाची वाट विचारणाऱ्या दोघांना मी वाट सांगितली, एक नीट गेला, एक आडवाटेला लागला, त्याला मी काय करणार? मी वाट दाखवणारा आहे. सगळे ऐकतील असा भ्रम भगवंतांना नव्हता, आणि काही ऐकत नाहीत म्हणून त्यांनी पंचेचाळीस वर्षे चारिका थांबवली नाही.

आता आपल्या वांद्र्याकडे येतो. पुनर्विकासाची बोलणी आज येथल्या अनेक वस्त्यांत चालू आहेत. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ साली आली तेव्हा खोली २२५ चौरस फुटांची होती, पुढे २६९ झाली, २०१८ पासून ३०० झाली. आपल्या मुलांना पक्के घर, घरात संडास, अभ्यासाला टेबल मिळावे, हे ध्येय चांगलेच आहे. पण सही करताना काय होते? बिल्डरचा माणूस जयंतीला येतो, कमानीची वर्गणी देतो, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतो. आपण म्हणतो, "माणूस आपल्यातला आहे हो, वाचायचं काय त्यात?" आणि संमतीपत्रावर सही. कोऱ्या जागाही तशाच. उलट दुसरा म्हणतो, "काही होत नाही, मला रोख द्या, मी खोली विकून मोकळा होतो." एक भाबडा आणि एक लबाड, आणि वस्ती दोघांच्यामध्ये बुडते.

आणि विहाराचे काय? "नव्या इमारतीत विहाराला मोठी जागा देऊ," हे तोंडाने सगळेच सांगतात. मंजूर नकाशावर विहार दाखवला आहे काय? किती चौरस फूट? कोणत्या मजल्यावर? करारनाम्यात ओळ आहे काय? नसेल तर आपले तळे अजून फक्त ठरावात खुले आहे, असे समजा. झोपु प्राधिकरण, म्हाडा, उपनगर जिल्हाधिकारी, या सगळ्या कचेऱ्या आपल्या वांद्रे पूर्वेलाच आहेत, चालत जाता येते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपली शिकलेली मुले आहेत, त्यांनी परिशिष्ट-२ मधली नावे तपासून द्यावीत, वयस्कर बायांना करार वाचून दाखवावा. हे सुद्धा धम्मकार्यच आहे.

आणखी एक इशारा. वज्जींची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. एकत्र बसतील, एकत्र उठतील, ज्येष्ठांचे ऐकतील तोवर वज्जींची हानी होणार नाही, असे भगवंत म्हणाले होते. पुढची कथा अट्ठकथेत आहे. मगधाचा मंत्री वस्सकार राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून वज्जींकडे आला. त्यांनी त्याला जवळ केले, मोठी जागा दिली. तो एकाला बाजूला घेऊन कुजबुजायचा, मग दुसऱ्याला. तीन वर्षांत वज्जींचे असे झाले की धोक्याचा नगारा वाजला तरी कोणी जमेना. दया दाखवली हे वज्जींचे चुकले नाही. कुजबुज ऐकली आणि ती सभेत आणली नाही, हे चुकले. आपल्या वस्तीत एकाला वेगळे बोलावून कोणी काही सांगितले, तर ते सोसायटीच्या सभेत सर्वांसमोर मांडा. निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

तरुण मित्रांनो, कोणतेही काम हाती घेताना, मग ते अभ्यासवर्गाचे असो, पक्षाचे असो की पतपेढीचे, चार प्रश्न विचारा. हे लिहून कुठे आहे? पैशाचा हिशेब कोण ठेवतो आणि कोण तपासतो? ठरलेले झाले नाही तर आपण काय करणार? आणि याची किंमत कोण मोजणार, मी की माझ्या नावावर दुसरा कोणी? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वतःच्या ध्येयाची किंमत बायकोच्या दागिन्यांतून किंवा आईच्या औषधांतून न विचारता मोजणारा माणूस मी ध्येयवादी समजत नाही.

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर मग मागे हटू नका. लोक हसतील, घरचे रागावतील. तरी रविवारी सकाळी विहाराचे कुलूप उघडा, मुले आली नाहीत तर त्यांच्या खोलीवर जाऊन बोलवा. पहिल्या रविवारी चार येतील, दुसऱ्या रविवारी दोनच येतील, हे धरून चाला. शाळेच्या परीक्षेच्या आधी आपोआप वीस येतील, तेव्हा खडू आणि सतरंजी तयार असू द्या.

 पुनर्विकासाची कागदपत्रे ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणावीत, आपण बसून एकत्र वाचू, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!